सातही तोंडं एकाच बाईची

सल्किनायला सासूचं नाव माहीत नव्हतं असं नाही. पण लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी तिने ते एकदाही तोंडातून बाहेर काढलं नव्हतं. सुनेने सासरच्या थोरांचं नाव घ्यायचं नाही, ही सारी-बुलाक गावाची रीत. एका चुलतसासऱ्याचं नाव होतं बाल्ता, म्हणजे कुऱ्हाड. तो मरून पंधरा वर्षं झाली, तरी सल्किनाय अजून कुऱ्हाडीला ‘लाकूडतोडी’च म्हणे. आपल्याला तसली काही बंदी नाही, तेव्हा सांगून टाकू: सासूचं नाव झुराकान. वय एक्याऐंशी. दात स्वतःचे अकरा, मतं मात्र सगळीच्या सगळी स्वतःची.

नाव घ्यायचं नाही, तसं वर मान करून तोंडाकडे टक लावून बघायचंही नाही. सल्किनायने सासू पाहिली ती अशीच: चहा पुढे करताना हनुवटीपर्यंत, हात धुवायला पाणी घालताना मनगटापर्यंत, आणि सासूची पाठ वळली की डोळ्याच्या कोपऱ्यातून, चोरून. असं चोरून पाहिलेलं माणूस मनात किती खोल जाऊन बसतं, हे तिला पुढे कळायचं होतं. तेही चारचौघांत.

पोटापाण्याला ती पाळणे आणि लग्नाच्या पेट्या रंगवायची. लाल जमिनीवर पिवळी फुलं, पिवळ्यावर लाल. सगळ्या खोऱ्यातल्या पोरी तिने रंगवलेल्या पाळण्यात रडल्या होत्या आणि तिने रंगवलेली पेटी घेऊन नांदायला गेल्या होत्या. यावर कुणाचा आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो गोठ्यामागे जे चालायचं त्यावर. तिथे गवताच्या पेंढ्यांआड सल्किनायची वेगळीच चित्रं असायची. पाठीवर अख्खं गाव घेऊन तळ्यातून पोहणारा घोडा. पोटात दिवा लागलेली मेंढी. डोंगराएवढ्या पाळण्यात झोपलेला म्हातारा.

“स्वप्नं ज्याची त्याने झोपेत बघावीत आणि सकाळी तोंड धुताना विसरावीत,” झुराकान म्हणायची. “रंगवून ठेवायची कशाला? पाहुण्यांना दाखवायला?”

पण पाहुण्यानेच ती पाहिली. कराकोल शहरचा अर्सेनी पुतणीच्या लग्नाची पेटी न्यायला आला आणि वाट चुकून गोठ्यामागे गेला. अर्सेनी म्हणजे सत्तरी गाठलेला रशियन चित्रकार, दाढीत कायम थोडा रंग, थोडा रस्सा. तळ्याच्या तळाशी बुडालेलं शहर तो चाळीस वर्षं रंगवत होता. ते शहर त्याच्याशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं आणि पाहावं असं कुणाला वाटतही नव्हतं. गोठ्यामागून तो बाहेर आला तेव्हा डोळ्यांत पाणी आणि टोपीवर गवत. “सल्किनाय,” तो म्हणाला, “या खोऱ्यात वेडा मी एकटाच नाही तर!”

तिसरा वेडा आधीच हाताशी होता. इसमार हा दुंगान, म्हणजे मूळचा चिनी मुसलमान; बाजारात त्याचा आश्ल्यानफूचा गाडा. थंडगार, आंबट, तिखटजाळ रश्श्यातल्या शेवया खायला लोक रांगा लावायचे. गिऱ्हाईक नसलं की इसमार मिरच्यांची भुतं काढायचा: मिरचीचे राजे, मिरचीच्या राण्या, मिरच्यांचं युद्ध. तिघांनी मिळून सप्टेंबरात कराकोलच्या जुन्या सभागृहात प्रदर्शन भरवायचं ठरवलं. नाव अर्सेनीने दिलं: ‘नसलेल्या गोष्टी’.

आता प्रश्न एकच, घरून परवानगी. नवऱ्याचं काही नव्हतं. मादिल मार्शरूत्का, म्हणजे भाड्याची छोटी बस, चालवायचा, आणि तोही भाडं मागताना लाजणारा माणूस. त्याने टायरकडे बघत आईला विचारलं. झुराकानने चहाची वाटी रिकामी केली, उलटी घातली आणि न्याय दिला.

“जाऊ दे. पण उघडायच्या दिवशी मी स्वतः येऊन बघणार. घराण्याला मान खाली घालायला लावणारं बोटभर जरी काही तिथे दिसलं, तरी घरी येऊन सगळे रंग आणि कुंचले तंदुरात घालीन. पाळण्यांचेसुद्धा. आणि मग पुन्हा हातात कुंचला दिसता कामा नये.”

“बरं, एने,” सल्किनाय जमिनीकडे बघत म्हणाली. एने म्हणजे आई; सासूला आणि थोर बायकांनाही तसंच म्हणायचं. आणि झुराकान बोलली की ते होणार, हे गोठ्यातल्या गाईलाही ठाऊक होतं.

प्रदर्शनासाठी सल्किनायने एक नवं, मोठं चित्र काढलं. लहान मुलांना झोपवायच्या गोष्टीत येते ती जेलमोगुझ, सात डोक्यांची खादाड म्हातारी. तिने तिला गुहेत न बसवता स्वयंपाकघरात बसवलं, चहाच्या समोवारपाशी. एक डोकं चहा पितं, एक रश्श्याचं मीठ बघतं, एक दाराकडे नजर ठेवतं, एक नमाज पुटपुटतं, एक कुरुत, म्हणजे वाळक्या दह्याची गोळी, चघळतं, एक शेजारणीचं बोलणं ऐकतं आणि सातवं झोपल्याचं सोंग करतं. सातही डोक्यांवर पूर्वीच्या बायका गुंडाळत तसा पांढऱ्या कापडाचा उंच फेटा, एलेचेक. घरच्या मोठ्या पेटीत तसलं एक जुनं एलेचेक होतं, दर वसंतात ऊन दाखवून परत ठेवायचं. ते कुणाचं, हे सल्किनायने कधी विचारलं नव्हतं. सुनेने विचारायचं नसतं, वाळवायचं असतं. त्याच्या घड्या, त्याचा डावीकडे कललेला वळसा तिने जसाच्या तसा उतरवला.

आणि तोंड? तोंड हवेतून आलं, असं ती शपथेवर सांगायची.

उघडायच्या दिवशी सकाळी दहापासून लोक यायला लागले. अर्सेनीने छाती पुढे काढून पहिल्या पाहुण्याला बुडालेलं शहर दाखवलं. पाहुणा निवृत्त तहसीलदार. त्याने चष्मा लावला, काढला आणि विचारलं, “इतकी बांधकामं! परवानगी कुणी दिली?” इसमारच्या मिरच्यांपुढे गर्दी होती, कारण चित्रांखाली त्याने आश्ल्यानफूचं पातेलंही मांडलं होतं. सल्किनाय आपल्या जेलमोगुझपाशी खुर्चीच्या कडेवर टेकली होती. जन्मात पहिल्यांदा लोक तिच्या गोठ्यामागच्या गोष्टींकडे बघत होते आणि कुणी हसत नव्हतं. तिला खरंच वाटलं, की हेच सुख.

तेवढ्यात बुरुलचा आली. बुरुलचा ही शेजारीण. तिच्या कानात गेलेली गोष्ट तोंडातून बाहेर पडायला वाटेत कुठे थांबायची नाही. ती चित्रापुढे आली, एक पाऊल मागे गेली आणि किंचाळली.

“या अल्ला! अगं, ही तर तुझी सासू!”

“कोण सासू?”

“ही! आणि ही! आणि ही मीठ बघणारी! अगं, सातच्या सात झुराकान एने! ओठ बघ कसा डावीकडे मुडपलाय. भुवई बघ. ‘मीठ कमी आहे असं नाही, पण आहे असंही नाही,’ असंच म्हणतेय ना ही?”

सल्किनायने मान वर केली. स्वतःच काढलेलं चित्र तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं म्हणा ना. तिच्या तोंडचं पाणी पळालं. चार महिने जिच्यासमोर बसून ती रंगवत होती, ती सासू! सासूच्या तोंडाकडे जिने कधी धड बघितलं नव्हतं, तिने त्या तोंडाची एक सुरकुतीसुद्धा सोडली नव्हती. सात डोकी, चौदा डोळे, आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

“मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “बुरुलचा, खरंच सांगते, मला माहीत नव्हतं.”

“तुला नसेल. आता अख्ख्या गावाला होईल,” बुरुलचा म्हणाली, आणि हे भाकीत खोटं ठरू नये म्हणून फोन काढून बाहेर गेली.

सल्किनाय उठली आणि चित्र भिंतीवरून काढायला लागली. अर्सेनी धावत आला.

“काय करतेस? भिंतीला भोक पडेल!”

“दादा, माझं घर पडतंय, तुम्ही भिंतीचं काय सांगता!”

“एजे, थांबा,” इसमार पळी हातात घेऊन आला. एजे म्हणजे थोरली बहीण. “मी मिशा काढून देतो. सातही डोक्यांना. दोन मिनिटांचं काम. कोण म्हणेल मग सासू?”

“म्हणजे सासरा होईल!” सल्किनाय रडकुंडीला आली. “त्यांचंही नाव घ्यायचं नसतं मला!”

ही वादावादी चालू असतानाच बाहेर ब्रेक करकरले. मादिलची मार्शरूत्का. आधी काठी उतरली, मागून झुराकान. आणि तिच्यामागून एकेक करत सहा म्हाताऱ्या, पांढरे रुमाल बांधलेल्या, गुडघे धरत, कण्हत. जाते आहेच तर जोडीदारणींनाही घेऊन जावं, असा तिचा हिशेब. मादिल स्टिअरिंगवरच डोकं टेकून बसला. बुरुलचाचा फोन त्याला पोहोचला होता, आईला सांगायचं धाडस त्याच्याकडे पोहोचलं नव्हतं.

इसमारने खिडकीतून मोजलं. “सात,” तो पुटपुटला. “एजे, चित्र दाराशी आलं.”

सभागृहातली माणसं बाजूला झाली. सल्किनाय चित्रापुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली, डोळे जमिनीवर. काठीचा आवाज जवळ येत गेला. ठक. ठक. थांबला.

“बाजूला हो,” झुराकान म्हणाली. “अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखी काय बसलीस पंख पसरून?”

“एने, हे… हे अजून वाळलं नाहीये.”

“मी चाटणार नाहीये. हो बाजूला.”

सुनेला सासूचं ऐकावं लागतं. सल्किनाय बाजूला झाली आणि तिने डोळे मिटून घेतले. आता काठी चित्रावर पडेल की आपल्यावर, एवढंच कळायचं बाकी होतं. तिने मनातल्या मनात कुंचल्यांचा निरोप घेतला. त्यातला तो जाड, बोकडाच्या केसांचा, जो तिने स्वतः बांधला होता, त्याचा जरा जास्त वेळ घेतला.

काठी पडली, पण जमिनीवर. कुणाच्या हातून सुटावी तशी.

सल्किनायने डोळे उघडले. जे दिसलं त्यावर तिचा विश्वास बसेना. झुराकान, जिच्यापुढे सगळं खोरं वाकायचं, ती चित्रापुढे कंबरेत वाकली होती. डावा हात पोटावर, उजवा गुडघ्यावर. नव्या सुनेने सासरच्या थोरांपुढे लवायचं असतं, तशी. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा कंबर कडाडली, ते मागे उभ्या असलेल्या तहसीलदारालाही ऐकू गेलं. आणि मग एक्याऐंशी वर्षांच्या त्या बाईच्या तोंडून सोळा वर्षांच्या पोरीचा आवाज आला:

“आत्ता ठेवते चहा, एने. लगेच ठेवते.”

सगळं सभागृह थिजलं. इसमारच्या पळीतून एक शेवई लोंबत होती, तीही पडायची थांबली म्हणतात. सहा म्हाताऱ्यांतली सगळ्यात थोरली, नव्वदीची, पुढे सरकली, तिने चित्राकडे पाहिलं आणि तोंडावर हात घेतला. “तीच! अल्ला रहम कर, परत आली ही बाई!”

झुराकान सरळ झाली. काठी उचलायला मादिल धावला, तिने त्याला हाताने दूर केलं. चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती, आणि ती भीती त्या चेहऱ्यावर सल्किनायने कधी पाहिली नव्हती. मुळात चेहराच कधी पाहिला नव्हता, आज ती सरळ बघत होती आणि स्वतःला कळत नव्हतं.

“हिला तू कुठे पाहिलंस?” झुराकानने विचारलं.

“कुणाला, एने?”

झुराकानचे ओठ हलले. नाव येईना. चोपन्न वर्षं जमिनीखाली असलेल्या सासूचं नाव एक्याऐंशी वर्षांच्या सुनेला घेता येईना. “हिला! आमच्या… वरच्या घरच्यांना! ती गेली तेव्हा मादिल पोटातसुद्धा नव्हता. तिचा फोटो नाही. तिने काढू दिला नाही, फोटोने तोंडातलं पाणी आटतं म्हणायची. आणि तू हा तिचा फेटा, तिच्या हातचा डावा वळसा… हा ओठ… सांग, कुणी दाखवली तुला ती?”

“कुणी नाही. फेटा पेटीतला, एने. दर वर्षी वाळवतो तो.”

“फेटा पेटीतला. आणि तोंड?”

सल्किनायने चित्राकडे पाहिलं. बुरुलचा फोन कानाला लावून दारात उभी होती आणि पलीकडच्या माणसाला काही ऐकू येत नव्हतं, कारण तिनेही श्वास रोखला होता.

“मी विचारतेय,” झुराकान अगदी हळू म्हणाली. “हे तोंड काढताना तुझ्या डोळ्यांपुढे कोण होतं?”

खोटं बोलायला जागा होती. ‘हवेतून आलं,’ म्हणता आलं असतं, ती शपथेवर म्हणतही होती. पण अर्ध्या तासापूर्वीपर्यंत खरं असलेलं ते उत्तर आता खरं राहिलं नव्हतं. सल्किनाय चित्रात जे काढायची, त्यात नसलेल्या गोष्टी असत. खोट्या नसत.

“तुम्ही, एने,” ती म्हणाली. मान खाली न घालता.

झुराकानने पुन्हा चित्राकडे पाहिलं. एकेका डोक्याकडे, सावकाश. मीठ बघणाऱ्या डोक्यापाशी ती फार वेळ थांबली. मग इसमारने सरकवलेल्या खुर्चीत बसली, बसली म्हणजे कोसळलीच.

“अकरा वर्षं त्या बाईच्या हाताखाली काढली मी,” ती म्हणाली. कुणाला सांगत होती कुणास ठाऊक. “रोज सकाळी चूल फुंकताना एकच मागायची. अल्ला, मला लंगडी कर, आंधळी कर, पण हिच्यासारखी करू नकोस.”

तिने जमिनीवर पडलेल्या काठीकडे पाहिलं.

“लंगडी केली,” झुराकान म्हणाली. “तेवढं ऐकलं त्याने.”

बुरुलचाच्या तोंडून ‘हाय हाय’ निघालं.

“बुरुलचा, तोंड मिट. वारा आत जातोय.”

हा आवाज मात्र ओळखीचा होता, आणि सभागृहाने सुस्कारा सोडला. पण झुराकानचं झालं नव्हतं. ती डाव्या मनगटातल्या चांदीच्या कड्याशी झटापट करत होती. कडं सुजलेल्या सांध्यावर अडलं होतं.

“कुणी तेल आणा रे!”

इसमारकडे तेल एकच होतं. मिरचीचं. त्याने पळीभर ओतलं, कडं सर्रकन निघालं आणि झुराकानने त्याला पाच पिढ्यांचा उद्धार होईल अशा शिव्या दिल्या. मग तिखट, लाल हाताने तिने कडं सल्किनायपुढे धरलं.

“घे. कोरुम्दुक.”

पहिल्यांदा बघितलेल्या तोंडाची भेट म्हणजे कोरुम्दुक. नवी सून आली, नवं बाळ आलं, की तोंड बघणाऱ्याने रिकाम्या हाताने बघायचं नाही.

“पण माझं तोंड तर तुम्ही सव्वीस वर्षांपूर्वीच बघितलं, एने,” सल्किनाय गोंधळली. “तेव्हा दिलं होतंत तुम्ही.”

“काय दिलं होतं?”

“दोन सुया.”

सहा म्हाताऱ्यांत कुणीतरी फिस्कन हसलं.

“मलाही तिने दोन सुयाच दिल्या होत्या,” झुराकान म्हणाली. “त्याच तुला दिल्या. हे तुझ्या तोंडाचं नाही. आज माझंच तोंड मी पहिल्यांदा बघितलं. दाखवलंस तू. घे लवकर, हात जळतोय माझा.”

सल्किनायने दोन्ही हातांनी कडं घेतलं. ते बांगडीशेजारी चढवलं. कुंचल्यांचं काय, हे विचारायचं होतं. विचारलं मादिलने, तेही टायरऐवजी या वेळी जमिनीकडे बघत. “आई, ते… तंदुराचं काय?”

“तंदुरात नान भाजतात,” झुराकान म्हणाली. “एवढंही शिकवलं नाही का तुला मी? पण हे चित्र माझ्या घरात येणार नाही. अकरा वर्षं सोसलं तिला. आता तिची सात तोंडं सोसायची ताकद नाही.”

चित्र कराकोललाच राहिलं. पुढचे दहा दिवस वरच्या गावांतून बायका येत राहिल्या, सासू पाहायला. कुणाची? जिची तिची. साठीच्या पुढची प्रत्येक बाई चित्रापुढे आली की नकळत रुमाल सारखा करायची. दोघींनी म्हणे चहासुद्धा विचारला. चौकटीखाली भेटींचा ढीग लागला: कुरुतच्या गोळ्या, साखरेचे खडे, ओंजळभर तळलेले बोरसोक, एक नवा मोजा, नुसता एकच. अर्सेनीचं तोंड वाकडं झालं. “चाळीस वर्षांत माझ्या शहराला कुणी माशाचा काटाही वाहिला नाही,” तो इसमारला म्हणाला. तहसीलदार मात्र रोज येऊन त्याची घरं मोजायचा.

आणि घरी? घरी संध्याकाळी सल्किनायने रश्श्याची वाटी सासूपुढे ठेवली. झुराकानने चमचा तोंडाला लावला. ओठ डावीकडे निघाला, अर्ध्या वाटेत थबकला, परत सरळ झाला. तिने वर पाहिलं. सून सरळ तिच्याकडे बघत होती.

“काय बघतेस?”

“काही नाही, एने. मीठ बरोबर आहे का?”

“बरोबर आहे,” झुराकान म्हणाली. हे शब्द त्या घराने पहिल्यांदा ऐकले. मादिलला ठसका लागला. “ऑक्टोबरात पोराचं लग्न आहे ना तुझ्या? सून येईल. तू रोज दुआ कर सल्किनाय, एकच दुआ कर.”

“कसली, एने?”

“तिला चित्रं काढता येत नसू देत.”